तळटिपेच्या वाटेनं

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकवायची म्हटलं की पहिली गाठ पडते ती विषयांच्या यादीशी. मुलं लघुशोधप्रबंधासाठी विषय सुचवतात आणि त्यांतले बहुतेक माझ्या ओळखीचे निघतात. अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय-वापराचा अभ्यास, तमुक तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या सेवांविषयी वाचकांचं समाधान. गावाचं नाव बदलतं, वर्ष बदलतं. प्रश्नावली तीच, तक्ते तेच आणि ग्रंथालयानं आधुनिक सुविधा पुरवाव्यात ही शेवटची शिफारसही तीच. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी संशोधन पाहिलेलं असतं ते रेक्झिनच्या बांधणीतलं, सोनेरी अक्षरांचं, विभागाच्या कपाटात कुलूपबंद झालेलं. गृहीतक कसं मांडायचं, नमुना कसा निवडायचा, काय-वर्ग चाचणी केव्हा लावायची हे त्यांना पाठ असतं, कारण नेट-सेटला ते विचारतात. पण एखादी गोष्ट कळल्याशिवाय चैन पडू नये, ती ओढ ज्यातून संशोधन सुरू होतं, ती त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

आणि प्रश्न तर त्यांच्या हाताखालून रोज जात असतात. माझ्या वर्गातली बरीच मुलं कुठं ना कुठं काम करतात. कुणी शाळेच्या ग्रंथालयात सहायक, कुणी संध्याकाळी ‘ब’ नाहीतर ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीला बसतं. दाखल नोंदवही लिहिणं, वर्गणीच्या पावत्या फाडणं, पुस्तकांना वेष्टनं घालणं, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. अशा मुलांनी प्रश्न शोधायला दुसऱ्याच्या प्रबंधात डोकावावं याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिल्या सत्रात मी त्यांच्याकडे विषय मागत नाही. आपल्या काउंटरवर आठवडाभर जे दिसेल त्यातली एक कोड्यात टाकणारी गोष्ट लिहून आणा, एवढंच सांगते.

तालुक्याच्या वाचनालयात काम करणारी एक मुलगी दिवाळी अंक घेऊन आली होती. अंकाच्या मागच्या वेष्टनाच्या आत चिकटवलेली ड्यू-डेट स्लिप तिला दाखवायची होती. जांभळ्या शाईचे शिक्के होते. वरच्या अंगाला ते इतके दाटीनं मारलेले, की एकाची शाई दुसऱ्यावर चढलेली. खाली येता येता त्यांच्यात अंतर पडत गेलं होतं, आणि उन्हाळ्यानंतर नुसती कोरी चौकट. मधला एक शिक्का उलटा बसला होता, त्याखाली कुणीतरी पेनानं तारीख दुरुस्त केली होती. ती म्हणाली, “मॅडम, दिवाळी अंक नेमका कधी जुना होतो? आणि सगळेच अंक एकाच वेळी जुने होतात का?”

ती मुलगी ज्या दारापाशी उभी होती तिथं तिच्या आधी थोर माणसं उभी राहून गेली होती, आणि हे तिला सांगताना मला झालेला आनंद अजून ताजा आहे. १९६० साली बर्टन आणि केब्लर या दोन अभ्यासकांनी वैज्ञानिक वाङ्मयाला अर्धायुष्याची कल्पना लावून पाहिली. किरणोत्सारी द्रव्य निम्मं व्हायला जसा काळ लागतो, तसा एखाद्या विषयातलं लेखन वापरातून निम्मं ओसरायला किती काळ लागतो? गणिताचं अर्धायुष्य लांब, धातुशास्त्राचं आखूड. ग्रंथालयाला यात रस असतो तो अगदी रोकडा, कारण फडताळं मर्यादित असतात आणि काय हाताशी ठेवायचं, काय आत न्यायचं हे ठरवावं लागतं. तिनं मग आपल्या वाचनालयातल्या अंकांच्या स्लिपा महिन्यांच्या रकान्यांत मांडल्या. तो तक्ता तिनं फळ्यावर काढला तेव्हा मी वर्गाला एकच विचारलं, हा शिक्का आपल्याला काय सांगतो?

अंक वाचला गेला, असं एकजण म्हणाला. नुसता घरी नेला, असं दुसऱ्यानं सांगितलं. मग ती मुलगीच म्हणाली, आमच्याकडे एक आजोबा अंक नेतात आणि तो शेजारच्या दोन-तीन घरांत फिरून येतो. तिथं शिक्का एकच पडतो. आणि काही अंक जसे जातात तसेच परत येतात, त्यांची चिकटलेली पानंसुद्धा सुटलेली नसतात. हळूहळू वर्गाला उमगलं, की शिक्क्यानं फक्त एवढंच सांगितलं होतं की अंक काउंटर ओलांडून गेला. त्यापुढचं सगळं आपण त्याच्यावर लादलं होतं. खूण कशाची आहे आणि कशाची नाही, हा भेद त्या दिवशी मुलांना जसा कळला तसा नमुना-निवडीच्या प्रकरणातून कळला नसता. माझ्या मते संशोधनपद्धतीचा निम्मा अभ्यासक्रम याच भेदात आहे.

विद्वत्तेच्या जगातले मोठमोठे आकडे अशाच काउंटरच्या खुणांमधून जन्मले आहेत. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे एक साधा प्रश्न होता. लहान कॉलेज, पैसे थोडे. रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला, त्यातल्या लेखांखालचे ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं ते पाहिलं. ज्याचं नाव जास्त, ते आधी घ्यायचं. अवतरणांची मोजणी जगात सुरू झाली ती इथून, ग्रंथालयाच्या तोकड्या अंदाजपत्रकातून. आपल्याकडे वर्गणीदारांनी आग्रह धरलेली मासिकं आणि हातातली शिल्लक यांचा मेळ घालत बसलेल्या कुठल्याही ग्रंथपालाला ही तगमग परकी वाटणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहून आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर डेरेक प्राइस नावाचा तरुण सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवायला गेला. कॉलेजकडे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे खंड आले होते, पण ग्रंथालयाची इमारत अजून व्हायची होती. प्राइसनं ते खंड सांभाळायला म्हणून आपल्या खोलीवर नेले आणि पलंगाजवळ दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून लावले. १६६५ पासूनचे ते गठ्ठे. भिंतीला टेकलेल्या त्या राशींची उंची डावीकडून उजवीकडे एका विशिष्ट वळणानं चढत गेली होती. ते घातांकी वाढीचं वळण होतं. विज्ञान किती वेगानं वाढतं याचा त्याचा पुढचा सगळा अभ्यास त्या राशींपासून निघाला. ही गोष्ट सांगितली की मुलं स्टॅकरूममध्ये वेगळ्या नजरेनं फिरतात. जुन्या बांधीव खंडांच्या जाडीकडे बघतात, कुठल्या वर्षी खंड अचानक बारीक झाला, का झाला असेल, असं आपसांत बोलतात. कागदटंचाई? संप? संपादक गेले? प्रश्न उगवलेला असतो.

युजीन गारफिल्डनं १९५५ साली ‘सायन्स’मध्ये अवतरणसूचीची कल्पना मांडली, तिच्यामागे एक नैतिक काळजी होती. सदोष किंवा फसवा लेख पुढचे लोक डोळे झाकून उद्धृत करत राहतात. त्या लेखावर नंतर कुणी काय आक्षेप घेतला हे वाचकाला एका जागी सापडलं तर हे थांबेल, असं त्याला वाटत होतं. अमेरिकेतल्या वकिलांकडे एखादा निवाडा पुढं कुठं कुठं उद्धृत झाला हे दाखवणारी सूची एकोणिसाव्या शतकापासून होती, तिच्यावरून त्याला हे सुचलं. १९६४ साली त्याची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाली. तिच्यात कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला जे गुणोत्तर वापरलं गेलं तेच पुढं इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून गाजलं. नियतकालिक निवडायचं माप होतं ते; माणूस जोखायला ते कुणी केलं नव्हतं. तरी आज नेमणुका, बढत्या, पगारवाढी त्याच्या आधारानं ठरतात. स्लिपवरचा शिक्का बघून वाचकाची बुद्धी ठरवावी, तसं हे झालं. मुलांना मी हा इतिहास पुन्हा पुन्हा सांगते, कारण उद्या यांच्याच काउंटरशी एखादे प्राध्यापक येऊन विचारणार आहेत, “या जर्नलला किती गुण मिळतात हो?” त्या वेळी हे माप कुठून आलं आणि ते काय मोजतं, हे सांगू शकणारं त्या इमारतीत बहुधा दुसरं कुणी नसेल.

या मापांनी आपल्याकडे काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. २०१० नंतर अध्यापकांच्या बढतीला गुणांकनाची पद्धत आली. लेखाला गुण, चर्चासत्रातल्या निबंधाला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण. मागणी उभी राहिली तसा पुरवठा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतच नको ते शिरलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन केलेली एक तपासणी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्यांपैकी १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली आणि त्यांतली जेमतेम ११२ निकषांना उतरली. कित्येकांचा तर पत्ता आणि संपादकांची नावं एवढी साधी माहितीही धड नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढं ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद करून परीक्षणाची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे आता जबाबदारी महाविद्यालयाची, आणि महाविद्यालयात ती अखेर ग्रंथपालाच्या टेबलावर येते.

म्हणून या प्रकरणाला मी व्याख्यान देत नाही. व्हॉट्सॲपवर शोधनिबंध मागवणारे संदेश फिरत असतात: चार दिवसांत प्रकाशन, ठरावीक शुल्क, आयएसएसएन क्रमांकासह. त्यातला एकेक संदेश एकेका गटाला देते. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, गुणवत्तेची ग्वाही नव्हे, ही गोष्ट तिथं पहिल्यांदा मनावर ठसते. मग संपादक मंडळातल्या प्रत्येकाच्या विद्यापीठाचं पान उघडायचं, तो माणूस तिथं आहे का बघायचं, आणि असेल तर नम्रपणे ईमेल करून विचारायचं, की या नियतकालिकाचं काम आपण बघता का. एका गटाला परदेशातून दोन ओळींचं उत्तर आलं होतं. आपलं नाव तिथं आहे हे त्या प्राध्यापकांना ठाऊकच नव्हतं, आणि कळवल्याबद्दल त्यांनी मुलांचे आभार मानले होते. नांदेडकडच्या एका मुलानं ते उत्तर छापून वहीत चिकटवलं. कुठंतरी लांबच्या विद्वानाला आपण एक खरी गोष्ट कळवली, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं. मला ते योग्यच वाटलं.

दुसरा धडा तळटिपांचा. एखादं विधान निवडायचं, त्याखालचा संदर्भ बघायचा, तो मिळवायचा, त्याच्याखालचा संदर्भ बघायचा, आणि जिथं विधान पहिल्यांदा केलं गेलं तिथवर जायचं. मध्ये थांबायचं नाही. जगभर शेकडो वेळा उद्धृत झालेल्या एका लेखाची हकिगत मी यासाठी सांगते. वैज्ञानिक लेख कसा लिहावा अशा विषयाचा, २००० सालचा, व्हॅन डर गीर आणि सहकाऱ्यांच्या नावावरचा तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. संदर्भ कसा द्यावा याचा नमुना म्हणून एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनं लेखकांसाठीच्या साच्यात तो घातला होता. लोकांनी साचा भरताना तो तसाच राहू दिला. आता यंत्राला विचारलं की ते संदर्भांची सुबक यादी करून देतं आणि तिच्यात असे न लिहिलेले लेख सहज मिसळून येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, लेख मात्र कुठंच नाही. यंत्रानं दिलेला संदर्भ काउंटरवर मागायला येणारे वाचक मुलांना भेटू लागले आहेत. अशा वाचकाला “आमच्याकडे नाही” म्हणून परत पाठवणं आणि “हा लेख अस्तित्वातच नाही, मी शोधून पाहिलं” असं सांगणं, यांतल्या फरकात आमच्या व्यवसायाची सगळी प्रतिष्ठा आहे.

ही वृत्ती बाहेरून आणायची गरज नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरं धुंडाळत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि बखरीत असं म्हटलंय एवढ्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं, अस्सल कागद पाहिजे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती ग्रंथालयामागून ग्रंथालयं पालथी घालून. अभ्यासक्रमात दात्यांचं नाव संदर्भसाधनांच्या यादीत येतं. मी त्यांना संशोधनपद्धतीत शिकवते. सूचीतली एखादी नोंद फळ्यावर लिहून विचारते, ही ओळ लिहायला माणसाला काय काय करावं लागलं असेल? मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक, शक आणि सन यांची सांगड, एकाच लेखकाची तीन टोपणनावं. मुलं बोलायला लागली की तास संपल्याचं कळत नाही.

आणि इथं माझ्या मनातली खरी सल येते. विद्वत्तेचा व्यवहार म्हटला की वर्गात बोललं जातं ते इंग्रजीतल्या नियतकालिकांविषयी. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जवळपास १३,००० नियतकालिकं, सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. त्याचा लाभ मोठा आहे, ज्यांच्या ग्रंथालयात एकही आंतरराष्ट्रीय नियतकालिक येत नव्हतं अशा सरकारी महाविद्यालयांना तर फारच. पण तालुक्याच्या वाचनालयात बसून स्थानिक इतिहास लिहिणारा निवृत्त शिक्षक त्या दाराबाहेरच राहतो. त्याच्यासाठी मुक्त प्रवेशाची वाट हवी. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर आपले लेख सगळ्यांसाठी ठेवायला सुरुवात केली, ‘शोधगंगा’वर आज कुणीही आपल्या विद्यापीठांतले प्रबंध मोबाइलवर उघडू शकतो. लेखकानं आपल्या लेखाची प्रत खुली ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे असं मी मानते, आणि कोणती प्रत ठेवता येते हे त्याला सांगणं ग्रंथपालाचं.

मराठीचं काय? ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली सुरू झालं. त्यानंतर ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, वाईचं ‘नवभारत’, ‘युगवाणी’, ‘प्रतिष्ठान’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’, ‘भाषा आणि जीवन’. या पानांवर पिढ्यांनी वाद घातले, खंडनं केली, एकमेकांच्या चुका दाखवल्या, पुरावे मागितले. परीक्षणाला ‘पीअर रिव्ह्यू’ हे नाव मिळण्याआधी ते पुढच्या अंकातल्या पत्रव्यवहारात उघडपणे चालायचं. यातलं किती आज शोधून सापडतं? जुन्या काळासाठी दाते सूची मंडळानं नियतकालिकांतल्या लेखांची सूची केली, ते काम डोंगराएवढं आहे. पण पुढच्या कित्येक दशकांतले लेख जुन्या वाचकांच्या आठवणीतच तेवढे सापडतात. आंतरराष्ट्रीय अवतरणसूच्यांच्या हिशेबी तर मराठीत विचार झालाच नाही. जे मोजलं गेलं नाही ते घडलंच नाही असं मानणारी पिढी तयार होताना बघणं मला सोसवत नाही.

त्यामुळे समाधान-सर्वेक्षणांच्या जागी यंदाच्या वर्गानं एक काम घेतलं आहे. एका मराठी नियतकालिकाची लेखसूची, अंक न् अंक बघून. नियम मुलांनीच घातले. अंक हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही; अनुक्रमणिकेवर विसंबायचं नाही, कारण अनुक्रमणिकेत नसलेली टिपणं आत सापडतात; लेखकाचं नाव छापलं असेल तसं आधी लिहायचं, खरं नाव कळलं तर ते कसं कळलं यासह पुढं लिहायचं. पहिला मोठा वाद झाला तो न मिळालेल्या अंकांवरून. दोघांचं म्हणणं, त्यांची जागा सोडून पुढं जावं. बाकीच्यांचं म्हणणं, जागा सोडली तर पुढच्याला वाटेल तो अंक निघालाच नाही. अखेर अशा प्रत्येक अंकासमोर ‘पाहिला नाही’ असं लिहायचं ठरलं, आणि कुठं कुठं शोधला तेही. सध्या अशा बऱ्याच नोंदी आहेत. त्यातला एक जोडअंक एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी असल्याचं दिवाळी अंकवाल्या मुलीनं शोधून काढलं आहे. मुख्याध्यापक अंक बाहेर द्यायला तयार नाहीत, घरी बसून बघा म्हणतात. रविवारी दोघीजणी वही घेऊन जाणार आहेत.